भेगेवर साखरेची पट्टी

१ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून पुन्हा रोजनिशी. मागच्या वर्षीची जानेवारीत सुरू होऊन जानेवारीतच संपली, पण त्यात माझा दोष नव्हता. त्या वहीच्या कागदावर शाई पसरायची. ही वही चांगली आहे.

नोंद करण्यासारखी गोष्ट एकच. बायकोला दुसऱ्या शहरातल्या एका हॉस्पिटलातून बोलावणं आलंय. लहान मुलांचे कान तपासण्याचा नवा विभाग उभा करायचाय, दोन वर्षांसाठी. ती ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कोणाला किती ऐकू येतं ते मोजते. हो की नाही, ते चौदा तारखेला संध्याकाळी सहापर्यंत कळवायचंय. चौदा फेब्रुवारी! जगभर लोक त्या दिवशी एकमेकांना फुलं देतात. ही तारीख निवडणाऱ्याला घरदार नसावं.

काल जेवताना तिने विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हणालो, निर्णय तुझा आहे. लग्न ठरलं तेव्हाच आमचं ठरलंय की एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, आणि मी शब्दाचा पक्का आहे. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग ताट उचलून आत गेली. भारावली असावी.

मला स्वतःला काय वाटतं? हाही प्रश्न मी प्रामाणिकपणे स्वतःला विचारला. उत्तर: मी तटस्थ आहे. झोप लागली नाही, पण ते उशीमुळे.

३ फेब्रुवारी

ऑफिसात जुन्या शाळेच्या इमारतीची फाइल आली. माझं काम भेगा बघण्याचं. भिंतीला भेग पडली की मालक घाबरतो, गवंडी सिमेंट घेऊन धावतो, आणि मी दोघांना थांबवतो. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायची, तिच्यावर तारीख घालायची आणि वाट बघायची. पट्टी फुटली तर भेग जिवंत आहे, अजून रुंदावतेय. नाही फुटली तर भेग मेलेली; वरून रंग मारला की झालं. घाई करायची नाही, भिंतीला हात लावायचा नाही. इतक्या वर्षांत मी पट्टी लावलेली एकही इमारत पडलेली नाही. (एक पडली, पण ती पट्टी लावण्याच्या आदल्या दिवशी.)

शाळेच्या जिन्याजवळ पट्टी लावून आलो.

परतताना कोपऱ्यावरच्या केकवाल्याच्या काचेत तीन थरांचा चॉकलेट केक दिसला. काळाभोर, चकचकीत, वर लाल हृदय. बायको अशा केकसमोर उभी राहिली की बोलायची थांबते, हे मी अनेकदा पाहिलंय. एकदम सुचलं: विकत आणायचा नाही, स्वतः करायचा. ती खाईल आणि जे सांगायचंय ते तिला आपोआप कळेल. म्हणजे मला काही सांगायचंय असं नाही. पण असलंच, तर कळेल.

अवघड नसावं. केक म्हणजे शेवटी तीन स्लॅब आणि मध्ये भराव.

४ फेब्रुवारी

सकाळपासून एक प्रश्न छळतोय. निर्णयाच्या आधी केक देणं म्हणजे दबाव नाही का? रिपोर्टच्या तोंडावर कंत्राटदाराने बिस्किटांचा डबा पाठवला तर मी तो परत करतो. मग बायकोला वेगळा न्याय कसा?

तोडगा काढला. केक सहानंतर द्यायचा. दबाव शून्य.

दुपारी लक्षात आलं, मग केकचा उपयोगही शून्य.

दुसरा तोडगा: साडेपाचला द्यायचा, पण वर काही लिहायचं नाही, हृदय वगैरे काढायचं नाही. नुसता केक. त्यात कोणी आक्षेप घेण्यासारखं काही नाही. मन स्वच्छ झालं.

आमच्याकडे ओव्हन नाही. सासूबाईंकडे आहे. त्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात; निवृत्त मुख्याध्यापिका, आणि निवृत्ती अजून त्यांच्या आवाजापर्यंत पोचलेली नाही. ओव्हनमध्ये त्या झाकणं ठेवतात. मी म्हणालो, आई, थोडे दिवस ओव्हन लागेल, केक करतोय, आणि हे गुपित आहे. त्या म्हणाल्या, अहो जावईबापू, नको जाऊस असं सांगायचं असेल तर तोंड आहे ना तुम्हाला? मी समजावलं की मला तसं काही म्हणायचंच नाही. मग जा म्हणा, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, तेही नाही. त्यांनी सगळी झाकणं काढून माझ्या हातांवर रचली आणि म्हणाल्या, ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. करा काय करायचं ते, पण ओटा पुसून जा.

त्यांना केकचं तंत्र माहीत नाही. त्यांनी आयुष्यात एकदाच केक केला होता आणि त्याचा विषय घरात कोणी काढत नाही.

५ फेब्रुवारी

अर्ध्या दिवसाची रजा. पहिला प्रयोग, एकच थर.

व्हिडिओतली बाई हसऱ्या चेहऱ्याने सांगते की भाजताना ओव्हनचं दार उघडू नका. ही सूचना सर्वसामान्य लोकांसाठी असावी. मी न बघता आजवर कशालाच मंजुरी दिलेली नाही. दार उघडून पाहिलं, केक छान फुगला होता. समाधान वाटलं. जरा वेळाने समाधान टिकलंय का ते बघायला उघडलं. मधोमध किंचित बसल्यासारखा वाटला. अजून बसतोय की बसायचा थांबलाय, हे ठरवायला पुन्हा उघडणं भाग होतं. नंतर मी दारापाशीच बसून राहिलो.

सासूबाई म्हणाल्या, अहो, केक आहे तो, पाळण्यातलं बाळ नव्हे, सारखं डोकावून बघायला.

निष्कर्ष: मध्यभाग खचला. कारण: ओव्हनच्या जाळीला उतार असावा. उद्या लेव्हल, म्हणजे उतार दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, लावून बघणे.

६ फेब्रुवारी

जाळी सपाट आहे. मग ओट्याचा उतार असणार.

७ फेब्रुवारी

दुसरा प्रयोग. या वेळी दाराला हात लावला नाही. सासूबाईंनी खुर्ची दारासमोर ओढली आणि तिच्यावर स्वतः बसल्या, पण ती निव्वळ खबरदारी.

केक सुरेख फुगून बाहेर आला. आतून शिजला की नाही ते बघायला व्हिडिओतली बाई मधोमध एकदाच सुई खुपसते. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. सासूबाईंची विणायची सुई घेतली आणि चारी बाजूंनी, ठराविक अंतर राखून, व्यवस्थित चाचण्या घेतल्या. सगळीकडे शिजला होता. उचलताना मात्र भोकांच्या रेषेवर फाटत गेला, तिकिटासारखा.

सासूबाई म्हणाल्या, छान चाळणी झाली, पुढच्या वेळी मैदा ह्यातूनच चाळा. बशीभर चुरा मात्र खाल्ला. चव कशी आहे असं विचारलं. म्हणाल्या, तोंडात आहे तोवर बोलवत नाही. चव उत्तम आहे, असा अर्थ मी घेतला.

८ फेब्रुवारी

अनपेक्षित अडचण. बायकोने माझ्या शर्टाची बाही हुंगली आणि म्हणाली, कोकोचा वास येतोय, कुठे होतास? मी म्हणालो, एका गोदामाची तपासणी होती. खोटं बोलल्याचं दिवसभर टोचत राहिलं. मग विचार केला: सासूबाईंचा ओव्हन इतकी वर्षं झाकणांचं गोदामच होता आणि मी तपासणीच करत होतो. म्हणजे विधान काटेकोरपणे खरं आहे.

आजही तिने विचारलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हात पुसत. दोन वर्षं थोडी नाहीत रे, काहीतरी बोल की. मी म्हणालो, मी जे बोलेन त्याचं वजन तुझ्यावर पडेल, म्हणून मी बोलणार नाही. चांगलं वाक्य जमलं. ती म्हणाली, वजन पडू दे की जरा. पण ती दमलेली होती. दमलेल्या माणसाच्या बोलण्यावरून धोरण बदलू नये.

९ फेब्रुवारी

माळ्यावरची मोठी बॅग खाली आली आहे. पुसून पलंगाशेजारी उभी केली आहे. मी काही विचारलं नाही.  बॅग पुसण्याला दुसरी कारणंही असू शकतात. उदाहरणार्थ, धूळ.

संध्याकाळी ती हॉस्पिटलातलं छोटं तपासणी यंत्र घरी घेऊन आली. म्हणाली, बस, तुझे कान बघते. कानांवर हेडफोन, हातात बटण. अगदी बारीक आवाज येतो. ऐकू आला की बटण दाबायचं. मी एकही आवाज चुकवला नाही. काही वेळा तर आवाज येण्याच्या आधीच बटण दाबलं, असं ती म्हणाली. कागदावरची रेघ तिने बराच वेळ पाहिली. म्हणाली, कानात काही दोष नाही. मी म्हणालो, मला माहीतच होतं. ती म्हणाली, हो ना, मला वाटलं होतं निदान कानात तरी असेल.

शाबासकीची तिची ही एक पद्धत आहे.

११ फेब्रुवारी

तिसरा प्रयोग. फुगला, शिजला, आख्खा उतरला. पण वरती, मधून जरा बाजूला, लांब भेग.

घाबरलो नाही. भेग पृष्ठभागापुरती आहे की थेट तळापर्यंत, आणि ती जिवंत आहे की मेलेली, एवढाच प्रश्न. खाण्याच्या वस्तूवर काच लावणं बरोबर नाही. म्हणून साखर वितळवून ताटलीवर पातळ पसरली. थंड झाल्यावर तिची हुबेहूब काचेसारखी पट्टी झाली: पारदर्शक, ठिसूळ. भेगेवर आडवी ठेवली, दोन्ही टोकांना वितळलेल्या चॉकलेटचा ठिपका, शेजारी चिठ्ठीवर तारीख. इतक्या वर्षांच्या अनुभवाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. उरलेल्या पट्ट्या डब्यात भरून ठेवल्या.

वर जाऊन चहा पिऊन आलो, तर पट्टी गायब. सासूबाईंनी खाल्ली होती. मी म्हणालो, आई, ती पट्टी फुटली की नाही हे आता कधीच कळणार नाही. त्या म्हणाल्या, फुटली की, माझ्या दाताखाली फुटली. वर हेही विचारलं की भेग दिसतेय तर ती बुजवायची सोडून तिच्यावर पट्टी लावून बघत बसायचं, ह्याला कुठल्या कॉलेजात शिकवतात?

मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, तरीच.

१२ फेब्रुवारी

सकाळी शाळेवर गेलो. जिन्याजवळची पट्टी फुटली होती. सरळ दोन तुकडे. मी तिथूनच हेडमास्तरांना सांगितलं, मुलांना आत्ता बाहेर काढा, जिना बंद करा. ते म्हणाले, साहेब, परीक्षा जवळ आली आहे, पालक काय म्हणतील. मी म्हणालो, पालकांना मी सांगतो. मुलांना बाहेर काढा. तासाभरात शाळा मैदानावर होती. हेडमास्तर नंतर म्हणाले, इतकं स्पष्ट सांगणारा माणूस बघितला नव्हता. स्पष्ट बोलणं हा माझा स्वभावच आहे.

हे सासूबाईंना सांगितलं. त्या ऐकत होत्या तोवर बऱ्या होत्या. मग म्हणाल्या, परक्यांच्या पोरांना बाहेर काढताना जीभ चालते, आपलं माणूस चाललंय तिथे मात्र मूग गिळून बसता. मी म्हणालो, तिथे जिवाला धोका होता. त्या म्हणाल्या, बरं.

हे बरं त्यांनी ज्या तऱ्हेने म्हटलं ती मला आवडली नाही. मी विचारलं, तुम्हाला काय हवंय, तिने जाऊ नये असं वाटतं का? त्या म्हणाल्या, मी कशाला अडवू? जाईल, शिकेल, परत येईल. तिला जायची भीती नाही हो, तिला विचारणारं कोणी नाही ह्याची भीती आहे. ह्यात विसंगती आहे. तीच तर विचारतेय. मी फक्त उत्तर देत नाहीये.

१३ फेब्रुवारी

तिन्ही थर तयार! तिन्ही वरून घुमटासारखे फुगले आहेत. व्हिडिओतली बाई सुरीने घुमट कापून सपाट करते. मला ते पटलं नाही. धडधाकट भाग तोडून टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मध्ये भराव जाईल, त्यात सगळं बसेल.

बायको फोनवर कोणाशी तरी तिथल्या घरांच्या भाड्याबद्दल बोलत होती. मी आत गेल्यावर आवाज खाली आला. खाली आलेला आवाजही मला ऐकू येतो. माझे कान चांगले आहेत. तरी मी ऐकलं नाही.

उद्या सगळं नीट होईल. केक बघितल्यावर बोलायची गरजच उरणार नाही. आजवर एवढी खात्री मला फक्त एकदा होती, आणि ती इमारत पट्टी लावण्याच्या आधीच पडली, त्यामुळे ती धरता येत नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी

निघताना ती म्हणाली, आज लवकर येते, जे कळवायचं ते घरूनच कळवेन. मग चपला घालता घालता म्हणाली, घरी असशील ना? मी म्हणालो, असेन. हे बोलणं सुद्धा दबावात मोडतं का, असा विचार आला. पण मी रजा आधीच टाकली होती, तेव्हा ती केवळ माहिती होती.

१४ फेब्रुवारी, दुपारी

चॉकलेट आणि क्रीम गरम करून भराव केला. तो घट्ट व्हायला वेळ लागतो. वेळ नाही. कोमट असतानाच पहिल्या थरावर ओतला, वर दुसरा थर ठेवला. घुमटावर घुमट. थोडा डुलला, मग थांबला. तिसरा ठेवला. वर लेव्हल ठेवून पाहिली. लेव्हलमधला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला आणि हलेना. लेव्हल खराब असावी, उन्हात पडून राहिली होती.

सगळ्यात खालच्या थराला बाजूने एक भेग दिसतेय. पट्टी लावायला वेळ नाही.

सासूबाई म्हणाल्या, एका बाजूला झुकलाय. मी म्हणालो, तुम्ही त्या बाजूने बघताय म्हणून. त्या उठून दुसऱ्या बाजूला गेल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. हे जास्त वाईट होतं.

१४ फेब्रुवारी, उशिरा संध्याकाळी

शांतपणे, क्रमाने लिहितो.

लिफ्ट बंद होती. जिन्याने वर आणला. सासूबाई पुढे, दारं उघडत. मी मागे, केक छातीशी. प्रत्येक पायरीला वरचा थर किंचित पुढे यायचा आणि मी किंचित मागे वाकायचो. वरच्या मजल्यावरचा शेजारी भिंतीला चिकटून उभा राहिला आणि म्हणाला, सावकाश हो. मी त्याला डोळ्यांनीच उत्तर दिलं.

बायको घरी आलेली होती. टेबलापाशी बसली होती, समोर फोन. घड्याळ तिच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे मला दिसत होतं, तिला नाही. सहाला बराच अवकाश होता, नंतर तो राहिला नाही.

केक टेबलावर ठेवला. तिने पाहिलं. म्हणाली, हा तू केलास? मी हो म्हणालो. ती म्हणाली, म्हणजे गोदाम ते हेच. आणि तोंडावर हात ठेवला. सासूबाई दारातच थांबल्या.

अगदी त्याच वेळी वरचा थर सरकायला लागला. मी तळवा लावून धरला. दुसऱ्या बाजूने मधला थर बाहेर आला, तिथे दुसरा हात लावला. म्हणजे पुढचं सगळं संभाषण चालू असताना मी दोन्ही हातांनी केक धरून वाकून उभा होतो, हे ध्यानात घेतलं पाहिजे.

ती म्हणाली, हा कशासाठी आहे, एवढंच सांग. मी विचार केला. खरं सांगितलं तर तो दबाव. खोटं सांगितलं तर ते खोटं. म्हणून मी म्हणालो, सहज.

ती म्हणाली, सहज? सहज म्हणून आठवडाभर आईच्या घरी लपून केक करतोस?

 चॉकलेट मनगटावरून बाहीत उतरत होतं. दारातून सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता.

ती म्हणाली, घड्याळात किती वाजले? मी सांगितलं. तिने फोन उचलला, काहीतरी लिहिलं आणि अंगठा तसाच वर धरून ठेवला. कान तपासताना लोक बटणावर धरतात तसा. माझ्याकडे बघत म्हणाली, पाठवू?

आत्ता लिहिताना आठवतंय की माझ्या तोंडात शब्द आला होता. अगदी जिभेवर होता. पण मग वाटलं, ऐन वेळी असं काही बोलणं म्हणजे तिच्या आयुष्यावर हात टाकणं. मी म्हणालो, निर्णय तुझा आहे. माझ्याकडून कसलाही दबाव नाही.

तिने अंगठा टेकवला.

त्यानंतर केक पडला. वरचा थर माझ्या तळव्यावरून टेबलावर, मधला त्याच्यामागोमाग, थोडा खुर्चीवर. क्रम महत्त्वाचा आहे: आधी निर्णय, मग कोसळणं. म्हणजे केकचा निर्णयावर काही परिणाम झाला नाही, हे सिद्ध होतं. माझा हेतू शेवटपर्यंत स्वच्छ राहिला.

ती आधी हसली. खूप हसली. मग ते हसणं नव्हतं. मग तिने चमचा आणला आणि टेबलावरूनच खायला लागली. म्हणाली, फार छान झालाय रे. आणखी खाल्ला. मग चमच्याकडे बघत म्हणाली, नको जाऊस म्हणाला असतास तरी मी गेलेच असते. पण म्हणाला असतास तर…

वाक्य तिने पूर्ण केलं नाही. मी विचारणार होतो. पण माझ्या दोन्ही हातांना चॉकलेट होतं.

सासूबाई म्हणाल्या, मी जाते खाली.

१५ फेब्रुवारी

घरात शांतता आहे. शुभलक्षण. वाद नाही, त्रागा नाही. काल अपेक्षेपेक्षा बरं गेलं, असंच म्हणायला हवं. केकचा सगळ्यात खालचा थर शाबूत आहे. भेगेसकट फ्रीजमध्ये ठेवला.

विचार करण्याचा मुद्दा: केक घुमटांमुळे पडला की भरावामुळे? दोन्हींवर सविस्तर लिहिण्याचा विचार आहे. वाक्य कुठे तुटलं तेही तपासायला हवं. पण ते घुमटानंतर.

१८ फेब्रुवारी

बायको गेली. हॉस्पिटलला ती ठरल्यापेक्षा लवकर हवी होती.

गाडी सुटायला वेळ होता. ती म्हणाली, काही राहिलं का? मी आठवून सांगितलं: चार्जर, चष्म्याची जादा पेटी, गरम कपडे वरच्या खणात. ती म्हणाली, झालं? मी म्हणालो, छत्री. ती म्हणाली, छत्री घेतली. मग गाडी हलली. मी गाडीबरोबर थोडं चाललो. का ते माहीत नाही. ती खिडकीतून काही बोलत नव्हती, त्यामुळे ऐकायलाही काही नव्हतं.

घरी येऊन फ्रीज उघडला. केकच्या भेगेवर साखरेची पट्टी आडवी लावली होती. दोन्ही टोकांना चॉकलेटचा ठिपका, माझ्या पद्धतीने. शेजारी चिठ्ठी, तिच्या अक्षरात, आजची तारीख. बाकी काही नाही.

उरलेल्या पट्ट्यांचा डबा सासूबाईंकडे होता. म्हणजे ती खाली जाऊन मागून आली होती.

फ्रीजचं दार बराच वेळ उघडं राहिलं. मग त्याने गुरगुरायला सुरुवात केली, तेव्हा लावलं.

२० फेब्रुवारी

पट्टी आख्खी आहे. निरीक्षण चालू.

सासूबाई वर आल्या. विचारलं, फोन केलात का तिला? मी फ्रीज उघडून पट्टी दाखवली. म्हणालो, फुटलेली नाही. भेग मेलेली दिसते. अजून थोडे दिवस बघू. त्या म्हणाल्या, जावईबापू, ही पट्टी तिने तुम्हाला बघत बसायला लावलीय असं वाटतं का तुम्हाला? मी म्हणालो, पट्टीचा दुसरा उपयोग नसतो. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना डोकेदुखीचा त्रास आहे.

२२ फेब्रुवारी

आख्खी आहे. कडा किंचित गोलसर वाटतात. प्रकाशाचा खेळ असावा.

घर तेवढंच आहे, तरी चालताना मोठं वाटतं. मोजायला हवं.

२४ फेब्रुवारी, सकाळी

पट्टी नाही.

फुटली असती तर तुकडे असते. तुकडे नाहीत. राहिली असती तर दिसली असती. भेगेच्या दोन्ही कडांवर नुसता चिकट ओलावा आहे, आणि चिठ्ठीवरची तारीख त्यात पसरली आहे. साखर फ्रीजमधल्या दमटपणात विरघळली. ही शक्यता मी धरायला हवी होती. काच असं कधी करत नाही.

म्हणजे भेग जिवंत आहे की मेलेली, ह्याचा निष्कर्ष आता निघू शकत नाही. इतक्या वर्षांत असं प्रथमच झालं. ऑफिसात हे कोणाला विचारावं ते कळेना.

खाली जाऊन सासूबाईंना सांगितलं. या वेळी त्या टोचून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, मग आता विचारण्याशिवाय गत्यंतर नाही ना? मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, पट्टी बिट्टी काही न लावता? मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, जा, वर जाऊन फोन करा, आणि काय म्हणाली ते मला सांगायला या. केक घेऊन तिच्याकडे जायचं ठरलं तर आजच करू, मी ओव्हन तापत ठेवते. त्यांनी झाकणं काढली देखील.

निश्चय: आज सांगायचं. आडवळणाने नाही, सहज नाही. तू नाहीस तर घर बरं वाटत नाही, एवढं एकच वाक्य. तीन वेळा म्हणून पाहिलं. आरशासमोर सगळ्यात चांगलं जमलं.

२४ फेब्रुवारी, दुपारी

फोन तिने लगेच उचलला. मी म्हणालो, पट्टी विरघळली. ती म्हणाली, फुटली नाही ना? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मग? मी म्हणालो, मग आता विचारायला लागेल. ती काही बोलली नाही, पण मला ऐकू येत होतं की ती थांबली आहे. मागे कुठलं तरी लहान मूल खिदळत होतं.

वाक्य तयार होतं. मी श्वास घेतला.

तेवढ्यात तीच म्हणाली, अरे, रविवारी मला सुटी आहे. मी तिकडे येऊ की तू इकडे येतोस? तुला काय वाटतं?

आणि मी स्वतःच्या कानांनी मला म्हणताना ऐकलं, तुला सोयीचं पडेल तसं. निर्णय तुझा आहे.

 ती म्हणाली, ऐकू आलं. फोन ठेवला.

माझं म्हणणं चुकीचं होतं का? तिच्या सोयीचा विचार करणं ह्यात गैर काही नाही. ती नव्या कामात आहे, प्रवासाचा ताण कोणी घ्यायचा हे तिनेच ठरवलेलं बरं. माझं वाक्य अजून माझ्याजवळ आहे, कुठे गेलेलं नाही. ते पुढच्या वेळी वापरता येईल.

खाली गेलो. सासूबाई दारातच होत्या, पदर कमरेला खोचून, हाताला मैदा. लोणी त्यांनी बाहेर काढून ठेवलं होतं. म्हणाल्या, काय म्हणाली? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आणि तुम्ही काय म्हणालात? मी तेही सांगितलं.

त्यांनी हात धुतले, लोणी फ्रीजमध्ये ठेवलं, ओव्हनचं बटण बंद केलं आणि आतल्या खोलीत जाऊन पडल्या.

मी थोडा वेळ तिथेच उभा होतो. ओव्हन अजून चांगला तापलेला होता. दार उघडून आत बघितलं. आत काही नव्हतं.